हत्यारांच्या पाटावर लॅपटॉप

सून घरात आली ती दोन बॅगा, एक लोखंडी कपाट आणि एक लॅपटॉप घेऊन. बॅगा रिकाम्या झाल्या, कपाट भरलं, पण लॅपटॉपला आमच्या घरात जागा मिळायला महिना गेला. खिडकीजवळ पावसाची झड यायची, स्वयंपाकघराच्या दाराशी फोडणीची वाफ, देवघरापाशी उदबत्तीची राख, आणि सोफ्यावर मी बसायचो. शेवटी हॉलच्या कोपऱ्यात भिंतीला लागून एक टेबल आलं, आणि टेबलामागोमाग त्याचे नियम आले.

चहाचा कप टेबलापासून दोन हात लांब. चार्जरची वायर कुणाच्या पायात येणार नाही अशी भिंतीकडेनं. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवायचा नाही, कारण खालच्या जाळीतून त्याला हवा लागते. उचलायचा तो दोन्ही हातांनी, बुडाला धरून. पडद्याला धरून उचलला तर बिजागरी सैल होते. झाकण लावण्याआधी आत पेन, चष्मा काही राहिलं नाही ना, ते बघायचं. टेबलाशी बसून काहीही खायचं नाही, कारण चुऱ्याला मुंग्या येतात आणि मुंग्यांना आतली ऊब आवडते. कीबोर्डवर एक पातळ, पारदर्शक रबरी कव्हर होतं. ते फक्त रविवारी निघायचं, ब्रशनं धूळ झाडण्यापुरतं.

मी एकतीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला. त्या काळात इतकी परिपत्रकं वाचली की कुठलाही नियम दिसला की तो कुणाच्या सोयीसाठी काढलाय, हे आधी शोधायची सवय लागली. सुनेच्या नियमांत तसं काही सापडलं नाही. प्रत्येक नियमाला ती कारण सांगायची, आणि कारण विचारलं म्हणून तिला राग यायचा नाही. आमच्या प्राचार्यांच्या तुलनेत हे फारच नवीन होतं. त्यामुळे मी ते नियम मनापासून पाळत होतो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं ते अज्ञानातून झालं असं म्हणायची मला सोय नाही.

त्या लॅपटॉपमध्ये तिचा पीएचडीचा प्रबंध होता. शिरोळच्या उसातली ही मुलगी शाहूवाडीच्या डोंगरातल्या जुन्या भातांवर काम करत होती. भात कसं पिकवावं यावर नव्हे. ते कुणी जपलं, कुणी सोडलं आणि का, यावर. तीन पावसाळे ती एसटीनं आणि पुढे पायी त्या वाड्यावस्त्यांवर गेली आणि पोटऱ्यांना जळवा लावून घेऊन परत आली. प्रबंध मराठीत लिहायचा म्हणून तिला विद्यापीठाशी वेगळं भांडावं लागलं होतं, आणि भांडणात शिरोळची माणसं मागं हटत नाहीत.

दर रविवारी ती सगळ्या कामाची नक्कल एका वेगळ्या डिस्कवर घ्यायची आणि ती डिस्क कपाटात ठेवायची. इंटरनेटवर मात्र काही ठेवत नव्हती. तिच्या ओळखीच्या एका मुलीचं अख्खं प्रकरण दुसऱ्याच कुणाच्या नावावर छापून आलं होतं. तेव्हापासून सुनेनं ठरवलं होतं की जमा होईपर्यंत प्रबंध घराबाहेर जाणार नाही.

त्या वर्षी दसरा शनिवारी आला. प्रबंध विद्यापीठाच्या पोर्टलवर चढवायची शेवटची वेळ त्याच दिवशी संध्याकाळी सहाची होती. पोर्टलला सण नसतो. एकदा मुदतवाढ घेऊन झाली होती, दुसरी मिळणार नव्हती. सहा वाजले की नोंदणी रद्द, मग नवा अर्ज, नवी समिती, आणि तीन पावसाळे कुठल्याच खात्यात नाहीत. तिच्या मार्गदर्शकांना दोन वर्षांनी अचानक शेवटचं प्रकरण वाचायला सवड मिळाली आणि ते पुन्हा लिहावं असं त्यांना वाटलं. त्यामुळे सोमवारपासून ती टेबलाशी बसून ते प्रकरण नव्यानं लिहीत होती. म्हणजे ते कपाटातल्या डिस्कवर नव्हतं. ते फक्त टेबलावर होतं.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला ती टेबलावरून उठली. पहाटे चारपासून बसली होती. ‘‘बाबा, संपलं. आता नुसते संदर्भ बघायचे राहिलेत. मला दोनला उठवा,’’ असं म्हणून तिनं लॅपटॉप बंद करून झाकण लावलं आणि आतल्या खोलीत जाऊन झोपली. मुलगा नोकरीसाठी पुण्याला. घरात मी आणि ही, माझी बायको, एवढेच जागे.

तो दिवस खंडेनवमीचा. या दिवशी आमच्याकडे हत्यारं पुजतात. घासूनपुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू लावायचं, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा होईपर्यंत ती जागची हलवायची नाहीत. घरात काय कापायचं-चिरायचं ते आधी उरकून घ्यायचं. मी देव मानत नाही, पण ही पूजा दरवर्षी मीच करतो. हिला वाद नको असतो आणि मला पुरणपोळी हवी असते. पाटावर विळी, कोयता, सुऱ्या, पान्हे, हिची शिवणाची कात्री, आणि माझ्या नावानं एक फाउंटन पेन, ज्यानं निवृत्त झाल्यापासून मी फक्त हयातीच्या दाखल्यावर सही केली आहे.

वरच्या मजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आणि त्यांची पत्नी प्रसादाला आले होते. ते गृहस्थ माझ्या प्रत्येक विनोदाला हसतात. अशा माणसापासून सावध राहावं हे मला इतरांच्या बाबतीत नेहमी कळलं आहे. पेनाकडे बोट दाखवून मी म्हणालो, हे कसलं हत्यार, हे तर पेन्शनर. या घरात रोज चालणारं हत्यार एकच आहे. ते हसले. मग मी उठलो आणि कोपऱ्यातल्या टेबलावरून लॅपटॉप घेऊन आलो. दोन्ही हातांनी, बुडाला धरून.

ही म्हणाली, ‘‘तो नको हं. आणि ठेवायचाच तर बंदच राहू दे, वर एक फूल ठेवा.’’

तलवार म्यानात ठेवून कोण पुजतं, असं मी विचारलं आणि झाकण उघडलं. मग ते रबरी कव्हर दिसलं. देवाला कुणी रेनकोटावरून गंध लावत नाही, असं म्हणून मी तेही सोलून बाजूला ठेवलं. गृहस्थ पुन्हा हसले.

मी आयुष्यभर सत्कार-समारंभांची टर उडवली. मंचावर चढलेल्या माणसाला स्वतःचा आवाज गोड लागायला लागतो आणि मग समोर काय चाललंय ते त्याला दिसत नाही, असं मी वर्गात सांगत असे. त्या दिवशी माझा मंच चार बोटं उंचीचा होता, एवढाच फरक.

पळीनं पाणी घालायचं मी टाळलं. फुलानं शिंपडलं तर चार थेंब पडतील, असा माझा हिशेब. हाताशी झेंडूचं मोठं फूल होतं. ते तांब्यात बुडवलं आणि पाटावरून फिरवलं. झेंडू स्पंजासारखं पाणी धरतो आणि झटका बसला की सगळं एकदम सोडतो, हे मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी कळलं. विळीवर थोडं पडलं, कात्रीवर थोडं, आणि उरलेलं सगळं कीबोर्डच्या मधोमध. ते कळांवर थांबलंसुद्धा नाही. दोन कळांमधल्या फटीत सरकलं आणि दिसेनासं झालं. वर मी ठरल्याप्रमाणे हळद, कुंकू आणि अक्षताही वाहिल्या, कारण हात चालू होता आणि डोकं अजून मागच्या वाक्यावर खूश होतं.

ही फक्त ‘‘पुसा’’ म्हणाली.

मी धोतराच्या सोग्यानं पुसलं. कुंकवाचा चिखल झाला आणि तोही फटीत गेला. मग माझ्या आयुष्यातला सर्वांत मूर्ख प्रश्न मला पडला: चालू आहे ना? आणि उत्तर मिळवण्यासाठी मी बटण दाबलं.

दिवा लागला. पडदा उजळला. मला इतकं हायसं वाटलं की मी गृहस्थांकडे बघून मान डोलावली. मग आतून बारीक टक् असा आवाज आला, पडदा काळा झाला आणि कसलासा जळका वास आला. मी पुन्हा बटण दाबलं. काही नाही. वरच्या मजल्यावरच्यांनी उभ्यानंच प्रसाद घेतला आणि जिना चढून गेले.

घड्याळात साडेअकरा वाजले होते.

‘‘तिला उठवा,’’ ही म्हणाली.

मी हळू बोल म्हणून खूण केली. ती दोनला उठणार आहे, तोपर्यंत मी दुरुस्त करून आणतो, असं मी कुजबुजलो. ही हलेना. तिला आत्ता सांगायचं, तिची वस्तू आहे, ती ठरवेल काय करायचं ते, असं हिचं म्हणणं. मी म्हणालो, सांगून काय होणार, जिवाला घोर तेवढा. तांदळाच्या डब्यात ठेवतात म्हणे, पाणी शोषलं जातं.

‘‘आता तिच्या तांदळातच पुरा तो,’’ ही म्हणाली. ‘‘तासभर थांबते. नंतर मी उठवणार.’’

मी धोतर सोडून पँट चढवली, लॅपटॉप टॉवेलात गुंडाळला आणि बगलेत धरला. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. पंख्याचा आवाज येत होता. मी चपला हातात घेऊन त्या दारावरून गेलो. स्वतःच्या घरातून असं बाहेर पडायची ती माझी पहिली वेळ.

शिवाजी पेठेत आमच्या घरापासून दहा मिनिटांवर लॅपटॉप-मोबाइल दुरुस्तीचं एक दुकान आहे. वाटेत तालमीच्या दारात पट्टे आणि भाले मांडून पूजा चालली होती. सुताराची करवत, न्हाव्याचा वस्तरा, सायकलवाल्याचा हवेचा पंप, सगळे कुंकू लावून निवांत पडले होते. तेव्हाच मला समजायला हवं होतं. दुकानाचं शटर अर्धं वर होतं. मालक पस्तिशीचा, अंगात पेठेतल्या फुटबॉल संघाची जर्सी. एके काळी माझ्याच वर्गात मागच्या बाकावर असल्याचं त्यानं सांगितलं. मी थोडं पाणी पडलंय म्हणालो. त्यानं टॉवेल बाजूला केला आणि बराच वेळ बघत राहिला.

‘‘सर, हे पाणी न्हवं. पूजा पडल्या ह्याच्यावर.’’

मी घाईत आहे, उघडून बघ, असं म्हणालो. त्यानं मागे बोट दाखवलं. फळीवर लाल कापड, त्यावर लहानमोठे स्क्रू-ड्रायव्हर ओळीनं, चिमटे, डाग द्यायची गन, गरम हवेचा ब्लोअर. सगळ्यांना हळदकुंकू.

‘‘हत्यारं बसल्यात सर. उद्या पूजा झाल्याबिगर हात लावत न्हाय.’’

मी त्याला ही प्रथा कुठून आली ते सांगायला लागलो. पावसाळा संपला की सैन्य मोहिमेवर निघायचं, त्याआधी शस्त्रांना धार लावून एक दिवस विसावा. आज मोहीम नाही, सैन्य नाही, आणि स्क्रू-ड्रायव्हर म्हणजे तलवार नाही. त्यानं मागच्या बाकावर ऐकायचा तसा शांतपणे सगळा तास ऐकून घेतला.

‘‘व्हय, खरं हाय. पण सर, ह्यो तुमीच पुजला न्हवं? मग पुजलेलं हत्यार पाटावरनं उचलून बगलंत मारून कसं काय आला?’’

पूजा खरी मानली तर मी तो हलवायला नको होता आणि खोटी मानली तर करायलाच नको होती.

त्यानं मग यात काय आहे, ते विचारलं. मी सांगितलं: प्रबंध, सून, उद्या सहा. त्याचा चेहरा बदलला. तो म्हणाला, मी हात लावत नाही, पण तुम्ही लावा, मी सांगतो. त्याच्या सांगण्यावरून मी लॅपटॉप उघडला आणि तंबूसारखा उलटा, कळा खाली करून धरला. आता बटणाला बोट लावायचं नाही, चार्जर लावायचा नाही, केस वाळवायचं यंत्र मारायचं नाही, तांदळात तर मुळीच नाही, असं त्यानं बजावलं. तेवढ्यात त्यानं एक फोन लावला, दोन वाक्यं बोलला आणि मला कागदावर पत्ता लिहून दिला.

‘‘मॅडम हायत. आमच्या गुरू. त्यांच्यात नवमी नसती. पण नागपूरला निघाल्यात, अडीचची गाडी हाय. पळा.’’

रिक्षा मिळाली, पण रस्ता मिळेना. दसऱ्याचा बाजार भरलेला. झेंडूचे ढीग रस्त्याच्या मध्यापर्यंत आले होते आणि त्या ढिगांमधून गाड्या मुंगीच्या चालीनं सरकत होत्या. लॅपटॉपचा तंबू मी मांडीवर धरला होता. त्यातून अधूनमधून एखादी अक्षता पँटवर पडायची. रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा बघितलं आणि न राहवून म्हणाला, ‘‘पावणं, उलटं धरलंय की.’’ मुद्दाम धरलंय, असं मी सांगितलं. पाऊण वाजला होता. घरून फोन आला. हिनं एवढंच विचारलं, ‘‘झालं?’’ मी अर्धा तास अजून मागितला. ती गप्प राहिली. तो होकार धरून मी फोन ठेवला.

मॅडमचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, तळमजल्यावर. व्हरांड्यात कामाचं टेबल, आत चार-पाच बायका पांढऱ्या साड्या नेसून पिशव्या बांधत होत्या, कुणी भाकरी फडक्यात गुंडाळत होतं. दसऱ्याच्या दिवशी दीक्षाभूमीवर पोहोचायचं म्हणून सगळे निघाले होते. मॅडम पन्नाशीच्या, औद्योगिक प्रशिक्षणाच्या एका संस्थेत शिकवून स्वेच्छेनं निवृत्त झालेल्या. त्यांनी घड्याळ बघितलं, चष्मा लावला, आणि टेबलावरचा स्क्रू-ड्रायव्हर उचलला. इतक्या साध्या कृतीकडे मी इतक्या आशेनं कधी बघितलं नव्हतं.

‘‘पाणी पडल्यावर चालू करून बघितला का?’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो. इतक्या सहजपणे, की माझं मलाच नवल वाटलं.

बुडाचे दहा स्क्रू निघाले. पत्रा उचलला. त्यांनी आधी बॅटरीची तार सोडवली, मग भिंगातून बघत राहिल्या. एका ठिकाणी काळा ठिपका होता, त्याच्या कडेला कुंकवाचा लाल ओघळ.

‘‘सर, नुसत्या पाण्यानं असं होत नसतं. पाणी वाळतं. पाणी आत असताना वीज सोडली की जळतं. बटण दाबलंय.’’

‘‘एकदा,’’ मी म्हणालो. मग म्हणालो, ‘‘दोनदा.’’

त्या रागावल्या नाहीत. बोर्ड गेला, हा लॅपटॉप आज काही चालू होत नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. मग आतून बोटभर लांबीची एक पट्टी सोडवून हातावर घेतली. सगळं काम हिच्यात असतं, ही कोरडी दिसते, बघू, म्हणाल्या. मागून एका बाईनं हाक मारली, रिक्षा दोनला येणार आहे. त्यांनी न वळता हो म्हटलं. पट्टी एका छोट्या डबीत बसवली, डबीची वायर स्वतःच्या लॅपटॉपला जोडली. मी टेबलाची कड धरून उभा होतो.

पडद्यावर एक निळी चौकट आली.

‘‘कुलूप आहे हिला,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘मुलगी हुशार आहे. लॅपटॉप चोरीला गेला तरी कुणाला वाचता येऊ नये म्हणून लावलंय. अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली लागते. ती कुठंतरी लिहून ठेवली असणार.’’

‘‘सुनेकडे असेल.’’

‘‘मग लावा फोन.’’

‘‘ती झोपली आहे. तिला अजून...’’

मॅडमनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. ‘‘तिला सांगितलेलंच नाही?’’ मी मान हलवली. ‘‘मग आता सांगा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी वीस मिनिटं बसते. त्यानंतर मला उठावं लागेल.’’

मी आधी हिला फोन लावला. हिनं निरोप द्यावा अशी माझी इच्छा होती, हे लपवण्यात अर्थ नाही. ही म्हणाली, उठवते, पण बोलायचं तुम्हीच. पंख्याचा आवाज आला, मग काही कुजबुज, मग सुनेचा झोपेतला आवाज: काय झालं, बाबा? मी सांगितलं. पूजा, कव्हर, झेंडू, बटण, दोन्ही वेळा. विनोद करायला कुठे जागा सापडली नाही.

‘‘किती वाजता पडलं पाणी?’’

‘‘साडेअकराला.’’

‘‘आणि मला दीडला कळतंय.’’

एवढंच. मग कपाट उघडल्याचा आवाज आला. तिनं वही काढली आणि आकडे सांगायला लागली, सहा-सहाच्या गटांत, रेल्वे स्टेशनवर गाड्यांची घोषणा करतात तशा आवाजात. मी ऐकायचो, मोठ्यानं म्हणायचो, मॅडम दाबायच्या. चौथ्या गटाला चौकट लाल झाली. मी सातच्या जागी नऊ म्हणालो होतो. ती म्हणाली, ‘‘पुन्हा सांगते,’’ आणि तितक्याच संथपणे पुन्हा सांगितलं. आठवा गट झाला. मॅडमनी शेवटची कळ दाबली. गोल फिरत राहिलं. आतल्या बायकांनी पिशव्या व्हरांड्यात आणून ठेवल्या.

चौकट गेली. फोल्डर दिसायला लागले.

सुनेनं फाइलचं नाव सांगितलं. ती सापडली. वेळ सकाळी दहा अठ्ठावीस. मॅडमनी ती उघडली आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

‘‘शेवटचं वाक्य वाचा,’’ सून फोनवर म्हणाली.

मी खाली गेलो, पानामागून पान, आणि वाचलं: ‘‘हे भात यंदा एकाही वाडीत पेरलं गेलं नाही, त्याचं बियाणं आता दोन घरांच्या कणगीत तेवढं उरलं आहे.’’

मग तिनं नाक ओढल्याचा आवाज आला, आणि लगेच कोरडा आवाज: ‘‘पेन ड्राइव्हवर घ्या. दोन प्रती घ्या, दोन वेगळ्या ड्राइव्हवर.’’

मॅडमनी दोन घेतल्या. शिवाय स्वतःचा लॅपटॉप मिटून, दोन्ही हातांनी, माझ्यापुढे धरला. मी मंगळवारी रात्री परत येते, तोवर तिला वापरू दे, माझं काय नागपुरात काम नाही त्याचं, म्हणाल्या. मी आभार मानायला लागलो तेव्हा त्या चपला घालत होत्या. रिक्षात पिशव्या चढवायला मी मदत केली. एक पिशवी बरीच जड होती. त्या म्हणाल्या, ती मी घेते, पुस्तकं आहेत, पडतील.

घरी सुनेनं दार उघडलं. माझ्या हातातला लॅपटॉप घेतला, दोन्ही पेन ड्राइव्ह घेतले, मोजले, आणि टेबलाकडे गेली. त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. रागावलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. भांडी आपटणारी, जेवण टाकणारी. सून वेळेवर जेवली, सासूला वाढायला मदत केली, आणि माझ्या बाजूच्या हवेकडेसुद्धा बघितलं नाही.

शनिवारी दुपारी चारला तिनं हाक मारली. संदर्भसूची तपासायची होती आणि तिचे डोळे चालत नव्हते. मी एकेक नोंद मोठ्यानं वाचली, ती मूळ कागदाशी ताडत गेली. एका ठिकाणी वर्ष चुकलं होतं, ते मी दाखवलं. तिनं दुरुस्त केलं. बरं केलंत वगैरे काही म्हणाली नाही. सव्वापाचला प्रबंध चढवायला घेतला. पोर्टल दोनदा अडकलं. तिसऱ्यांदा फाइल मोठी आहे म्हणालं. तिनं नकाशे लहान केले, पुन्हा टाकलं. ही देवघरात दिवा लावायला गेली आणि तिथंच उभी राहिली. पाच पन्नासला पोर्टलवर एक ओळ आली, तिच्यात व्याकरणाच्या दोन चुका होत्या आणि मुख्य म्हणजे पोचपावतीचा क्रमांक होता. तिनं तो वहीत उतरवून घेतला, वही मिटली आणि खुर्चीत मागे टेकली.

मी उठून जायला लागलो तेव्हा ती म्हणाली, ‘‘बाबा, बुधवारी त्या मॅडमचा लॅपटॉप परत द्यायचाय. तुम्ही नेऊन द्या.’’

‘‘तू येतेस बरोबर?’’

‘‘नाही. तुम्ही एकटे.’’

मी हो म्हणालो. म्हणजे पुन्हा दुसऱ्याचा लॅपटॉप माझ्या एकट्याच्या हातात, आणि या वेळी चालू असलेला. तेव्हापासून बुधवारपर्यंत मला नीट झोप लागली नाही.